रक्त पडलं की मूळव्याधच? आतड्याच्या सुजेवर तुमची पत्रं

मागच्या अंकात पोटाच्या तक्रारींवर लिहिताना मी एका बाईचं उदाहरण दिलं होतं, मूळव्याध समजून तीन वर्षं मलम लावत राहिल्या आणि शेवटी दुर्बिणीत मोठ्या आतड्याला सूज निघाली. त्यावर पोस्टानं नि व्हॉट्सअपवर इतके प्रश्न आले की हे सदर आख्खं त्यालाच द्यायचं ठरवलं. नावं नि गावं काढून टाकलीत, तालुका तेवढा ठेवलाय. पत्रांची भाषा ज्याची त्याची.

प्रश्न (दारव्हा तालुका, वय ४६): ताई, चार एकर कोरडवाहू हाय. दोन वर्सापासून परसाकडे रगत पडते, शेम पडते, दिवसातून सात-आठ खेपा जा लागते, रातच्यालेही उठा लागते. गावातल्या डॉक्टरनं मूळव्याध सांगतलं, सुया मारल्या, मंग एका वैद्यानं पुड्या देल्ल्या. आता यवतमाळले दुर्बीण घालून पाह्यलं त अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हनते. हे कोनती बिमारी हाय? मी तिखट लय खातो म्हनून झाली का? अन् बरी होते का नाही, खरं सांगजा.

उत्तर: भाऊ, खरंच सांगते. तिखटानं झालेली नाही, तुमच्या खाण्यापिण्याच्या चुकीनं झालेली नाही, त्यामुळे ते आधी मनातून काढा. आपल्या अंगात जंतूंशी लढणारी जी राखण असते ना, ती या आजारात स्वतःच्याच आतड्यावर उठते, आपल्याकडे म्हणतात तसं कुंपणच शेत खातं. का उठते याचं एकच कारण नाही, थोडं अनुवंशिक, थोडे आतड्यातले जंतू, थोडं बदललेलं राहणीमान, सगळं मिळून. याचे मुख्य दोन प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे फक्त मोठ्या आतड्याची सूज, ती गुदद्वाराच्या जवळून सुरू होते आणि सलग वर चढते, आतड्याच्या फक्त आतल्या अस्तराला धरते, म्हणून रक्त, शेम, सारखी घाई आणि जाऊन आलं तरी अजून राहिल्यासारखं वाटणं. दुसरा क्रोन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, मधे मधे चांगलं आतडं सोडून होतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो, त्यामुळे आतडं अरुंद होणं, भगंदर होणं हे त्यात जास्त. तुमचा पहिला आहे.

आता मूळव्याधीचं. मूळव्याधीत रक्त लालभडक, बहुतेक वेळा शौच झाल्यावर टपटप पडतं नाहीतर वरून लागलेलं असतं. शेम सहसा पडत नाही, दिवसातून आठ खेपा होत नाहीत, आणि मुख्य म्हणजे मूळव्याध माणसाला रात्री दोन वाजता झोपेतून उठवून परसाकडे पळवत नाही. रात्री उठावं लागतंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी झालंय, अधूनमधून ताप येतोय, यातलं एक जरी असलं आणि रक्त पडत असलं तर दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, झालीच पाहिजे. चाळिशीच्या पुढं तर कॅन्सरही बघून घ्यायचा असतो. तुमची दोन वर्षं सुयांमधे गेली याचं मला फार वाईट वाटतं, कारण बोट घालून तपासायला दोन मिनिटं लागतात आणि तेही कुणी केलं नाही असं दिसतं.

कुणी तुम्हाला म्हणेल हा तर शहरातल्या, परदेशातल्या लोकांचा आजार. नाही. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन मोजणी केली होती, २००३ साली ती छापून आली, त्यात लाखामागं ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस सापडला होता. म्हणजे आपल्याकडेही आहेच, फक्त मूळव्याधीच्या नावाखाली लपून बसतो.

बरी होते का? मुळासकट जाईल असं औषध आज नाही. पण शांत होते, वर्षानुवर्षं शांत राहते, माणूस नांगर धरतो, पोरांची लग्नं लावतो, सगळं करतो. त्यासाठी मेसालामाइन नावाचं औषध असतं, ते शेतावर फवारणी करून सोडून द्यायच्या औषधासारखं नाही, रोजचं आहे. आणि एक गोष्ट जी पुरुष मंडळी हमखास टाळतात: सूज खालच्या भागात असेल तर गोळीपेक्षा खालून घ्यायचं औषध, एनिमा किंवा सपोझिटरी, जास्त चांगलं लागू पडतं, आणि गोळी अधिक एनिमा हे दोन्ही मिळून तर सगळ्यात चांगलं. लाज वाटते मान्य आहे, एका खोलीच्या घरात कुठं करणार हेही मान्य आहे. रात्री सगळे झोपल्यावर डाव्या कुशीवर आडवं होऊन घ्यायचं, गुडघा पोटाशी ओढायचा, खाली जुनं लुगडं टाकायचं आणि मग तसंच झोपी जायचं, सकाळपर्यंत औषध आत राहिलं की काम झालं. पहिले चार दिवस बाहेर येतं, घाबरायचं नाही, सूज कमी झाली की आतडं धरायला लागतं.

आणि भाऊ, तीन महिन्यांनी रक्त थांबेल तेव्हा तुम्हाला वाटेल आता कायले गोळ्या खाच्या. आजार परत उठून माझ्याकडे आलेले निम्म्याहून जास्त पेशंट याच वाक्यानं सुरुवात करतात. सोंगणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत गोळी संपते, तालुक्याला जायला वेळ नसतो, आणि दिवाळीनंतर पुन्हा आठ खेपा. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून ठेवत जा. आणखी एक, अंग दुखलं, कंबर दुखली की दुकानातून जी दुखण्याची गोळी आणता, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, ती बंद. त्यानं दबलेली सूज उठू शकते. पॅरासिटामॉल चालते.

आजार जुना झाला, म्हणजे लक्षणं सुरू होऊन आठ वर्षं झाली की ठरावीक अंतरानं दुर्बीण करून घ्यायची, कारण मोठ्या आतड्यात बऱ्याच दूरवर सूज वर्षानुवर्षं राहिली तर कॅन्सरचा धोका वाढतो. सूज शांत ठेवली की तो धोकाही कमी होतो.

प्रश्न (चामोर्शी तालुका, एक आई): मुलगा १७ वर्षांचा, अकरावीत. सहा महिन्यांपासून पोटात उजव्या बाजूला खाली दुखतं, जेवण जात नाही, नऊ किलो वजन उतरलं. एक डॉक्टर म्हणतात आतड्याचा टीबी, दुसरे म्हणतात क्रोन्स. एकानं टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या, दुसऱ्यानं स्टेरॉइड लिहून दिलं. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन बसले आहे, कोणतं सुरू करू?

उत्तर: ताई, एक विनंती आहे, स्टेरॉइड अजून सुरू करू नका. चिठ्ठ्या घेऊन थांबलात हे फार चांगलं केलंत.

दोन्ही डॉक्टर मूर्ख नाहीत. लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं, उजवीकडं खाली, तीच टीबीचीही आवडती जागा आणि क्रोन्सचीही. दोन्हीत जखमा होतात, दोन्हीत वजन उतरतं, दुर्बिणीतसुद्धा पुष्कळदा सारखंच दिसतं. भारतात भल्याभल्या हॉस्पिटलांतही हा घोळ होतो. फरक असा की क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर टीबी अंगभर पसरू शकतो. उलटं झालं, म्हणजे क्रोन्सला टीबीच्या गोळ्या दिल्या, तर वेळ वाया जातो, लिव्हरवर ताण येतो, आणि आतडं अरुंद होत जाऊ शकतं. दोन्ही वाईट, पण पहिलं जास्त घातक.

म्हणून आधी पुरावा गोळा करायचा. दुर्बिणीतून घेतलेले तुकडे (त्यालाच बायोप्सी म्हणतात) पॅथॉलॉजीला आणि सोबतच जीनएक्सपर्ट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला गेले होते का विचारा (पुष्कळदा सगळेच तुकडे एकाच बाटलीत फॉर्मॅलिनमधे टाकले जातात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही, जीनएक्सपर्टलाही अडचण येते, तेव्हा हे दुर्बिणीच्या आधीच विचारायचं). छातीचा एक्सरे, पोटाचा सीटी स्कॅन, संध्याकाळचा ताप येतो का, घरात कुणाला टीबी झाला होता का, पोटात पाणी आहे का. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं आतड्याच्या बाबतीत म्हणता येत नाही, त्यात जंतू फार थोडे असतात.

एवढं करूनही ठरलं नाही तर आपल्या देशात सर्रास जी रीत आहे ती अशी: टीबीची औषधं सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण करून जखमा भरल्या का बघायचं. भरल्या तर टीबी, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण. नाही भरल्या तर क्रोन्सचा विचार. हे "परत दुर्बीण" विसरू नका, कारण मुलाला थोडं बरं वाटेल, भूक लागेल, आणि घरचे म्हणतील झालं की. क्रोन्समधेही टीबीच्या गोळ्यांवर काही जणांना तात्पुरतं बरं वाटतं, पण जखमा तशाच राहतात. ते फक्त दुर्बीण सांगते. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँकेत येतात, ती नोंदणी करून घ्या.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट मी विचारल्याशिवाय राहणार नाही. मुलाची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या अनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का? गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल खूप आहे, त्याच्या झटक्यातही पोट भयंकर दुखतं आणि हिमोग्लोबिन कमी असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. नऊ किलो वजन सिकलसेलनं एवढं उतरत नाही, पण दोन्ही असूही शकतं, आणि ते माहीत असलं की पुढची सगळी औषधं जपून देता येतात.

नागपूरला मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमधे पोटविकाराचा वेगळा विभाग आहे. जाताना दोन्ही चिठ्ठ्या, दुर्बिणीचे फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट आणि जमलं तर बायोप्सीचे ब्लॉकसुद्धा (मेणात जपून ठेवलेले तेच तुकडे) लॅबमधून मागून घेऊन जा. ब्लॉक मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यामुळे एखादी दुर्बीण वाचते.

प्रश्न (वरुड तालुका): कोलायटिस आहे. त्रास उठला की जुन्या चिठ्ठीवर दुकानातून प्रेडनिसोलोन आणतो, चार दिवसांत टकाटक. मग सोडून देतो. असं वर्षातून चारदा होतं. मेसालामाइन महाग पडते, हेच चालू ठेवलं तर?

उत्तर: नाही. दादा, हे थांबवा, कळकळीनं सांगते.

तुम्ही आणता ते प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडनं जीव वाचतात, १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोन देऊन ते दाखवून दिलं, त्याआधी या आजाराच्या जोरदार झटक्यात खूप लोक जात. पण स्टेरॉइड आग विझवतं, परत लागू नये याची सोय करत नाही. त्याच्यावर आजार शांत राहत नाही हेही तेव्हापासूनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. वर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात मोतीबिंदू येतो, चेहरा सुजतो, दबलेला टीबी उठतो. आणि जास्त दिवस घेऊन एकदम सोडलं तर अंगाचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडलेलं असतं, माणूस चक्कर येऊन पडतो. ते नेहमी उतरतं उतरतं बंद करायचं.

वर्षातून दोन किंवा जास्त वेळा स्टेरॉइड लागतंय याचा अर्थ तुमचा रोजचा इलाज कमी पडतोय (किंवा तुम्ही तो घेतच नाही आहात). मग पुढची पायरी, अझाथायोप्रिन. ती गोळी स्वस्त आहे पण तिच्यावर रक्ताची तपासणी सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी करावीच लागते, कारण आपल्याकडच्या काही लोकांच्या अंगात ती पचवण्याची ताकद जन्मतःच कमी असते आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. केस भराभर गळायला लागले, ताप आला, तोंड आलं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासायचं.

मेसालामाइन परवडत नसेल तर सल्फासालाझिन हे जुनं, स्वस्त औषध अजून चांगलं आहे, सोबत फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची. मूल हवं असलेल्या पुरुषांनी एवढं लक्षात ठेवायचं की त्यानं शुक्राणू कमी होतात, औषध बदललं की दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते नाही. तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात दोन्हींची चौकशी करा.

प्रश्न (आर्वी तालुका, वय २४): तीन वर्षांपासून कोलायटिस, गोळ्या चालू, दीड वर्ष अजिबात त्रास नाही. घरी स्थळं बघताहेत. आई म्हणते कुणाला सांगू नको, लग्न झालं की गोळ्या बंद कर, बाळाला धोका होतो. खूप भीती वाटते.

उत्तर: बेटा, गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाळाला खरा धोका असतो तो आईचा आजार उठलेला असण्याचा, त्यात वेळेआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ हे होतं. आजार कमीत कमी तीन ते सहा महिने शांत असताना दिवस राहिले तर बहुतेकींचं सगळं नीट पार पडतं. मेसालामाइन गरोदरपणात नि अंगावर पाजतानाही चालते. अझाथायोप्रिनसुद्धा बहुधा चालूच ठेवतात. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब ही या आजारातली दुसरी औषधं मात्र अजिबात नाही, ती असतील तर मूल ठरवायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून बदलायची. आईला हा आजार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तुझ्या आईला वाचून दाखव.

सांगायचं का, तर माझं मत स्पष्ट आहे, मुलाला सांग. पूर्ण गावाला, मामेसासऱ्याला नाही, मुलाला. पहिल्या भेटीत नाही, पण होकार द्यायच्या आधी. "मला एक आजार आहे, रोज गोळी घेते, दीड वर्ष ठीक आहे, माझ्या डॉक्टरांना तू भेटू शकतोस", एवढंच. लपवलेली गोळी सासरी डब्याखाली ठेवावी लागते, चुकते, मग बंद होते, आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी परत रक्त सुरू झालेल्या मुली मी बघितल्या आहेत, त्यांचं दुःख आजारापेक्षा त्या लपवाछपवीचं जास्त होतं. जपानचे शिंझो आबे यांना अगदी शाळकरी वयापासून हाच आजार, २००७ मधे त्यापायी पंतप्रधानपद सोडावं लागलं, नव्या औषधानं बरं वाटल्यावर २०१२ मधे परत पंतप्रधान झाले आणि २०२० मधे पुन्हा आजार उठल्यावर सगळ्या देशाला कारण सांगून पायउतार झाले. देशाला सांगता येतं तर होणाऱ्या नवऱ्याला नक्कीच सांगता येईल. आईवर रागावू नकोस, ती तुझ्या काळजीनंच बोलते आहे.

प्रश्न (मेहकर तालुका): यांना काय खाऊ घालू? कुणी सांगतं दूध बंद, कुणी गहू बंद, कुणी फक्त मुगाची खिचडी. माणूस वाळून चालला.

उत्तर: वाळून चालले ते आजारानं कमी आणि पथ्यानं जास्त. या आजाराला सगळ्यांना लागू पडेल असं एक पथ्य नाही.

त्रास उठलेला असताना: मऊ भात, तुरीचं पातळ वरण, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, अंडं, केळं, ताक झेपत असेल तर ताक. कच्ची काकडी, हरभऱ्याच्या घुगऱ्या, शेंगदाणे, हुरडा, अंबाडीची भाजी हे त्या दिवसांपुरतं बाजूला. दुधानं पोट गुडगुडत असेल तर दूध बंद, नसेल तर कशाला बंद करायचं? जुलाब जास्त असले की ओआरएस. आतडं अरुंद झालेल्या क्रोन्सवाल्यांनी मात्र चोथ्याचे पदार्थ नेहमीच जपून, नाहीतर अडकतं.

शांत झाल्यावर: ज्वारीची भाकर, भाज्या, वरण-रोडगे, संत्रं, सगळं हळूहळू परत आणा. वांग्याचं भरीत त्यांना आवडतं ना, द्या थोडं, बघा काय होतं. एक वही ठेवा, काय खाल्लं नि दुसऱ्या दिवशी काय झालं. सावजीच्या रश्श्यानं आजार होत नाही, पण सूज असताना जळजळ नि पळापळ वाढते, म्हणून तेव्हा नको. बिडी-सिगारेट क्रोन्समधे सरळ सरळ आजार वाढवते, ऑपरेशनची वेळ लवकर आणते. आणि पानठेल्यावरचा खर्रा, तो तोंडाच्या कॅन्सरपायी तसाही सोडायचाच आहे. हळद खाऊ द्या, पण हळदीच्या भरवशावर गोळी सोडू देऊ नका.

प्रश्न (साकोली तालुका): डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब इंजेक्शन सांगितलं. घर विकावं लागेल का?

उत्तर: घर विकायच्या आधी हे विचारा: बायोसिमिलर, म्हणजे भारतीय कंपनीचं तेच औषध, किती पडेल? कोलायटिस असेल तर टोफासिटिनिबच्या गोळ्या चालतील का, त्या आता आपल्याकडे जेनेरिक मिळतात आणि बऱ्याच स्वस्त पडतात. इन्फ्लिक्सिमॅब आधी शून्य, दोन, सहा आठवड्यांनी आणि मग दर आठ आठवड्यांनी लागतं, म्हणजे पहिल्या डोसचा नाही तर वर्षाचा हिशेब मांडा, अर्ध्यात सोडलं तर अंग त्याच्याविरुद्ध तयार होतं आणि परत सुरू केलं तर लागू पडेल याची खात्री राहत नाही. हॉस्पिटलमधल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, भरती होऊन होणाऱ्या इलाजात काय बसतं ते तोच सांगेल. आणि यातलं काहीही सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, ती सांगितली नसेल तर तुम्ही मागा. कोलायटिसमधे औषधं हरली तर मोठं आतडं काढण्याचं ऑपरेशनही असतं, ते ऐकून छाती धडधडते, पण वर्षानुवर्षं संडासाभोवती जगलेली माणसं त्यानंतर शेतावर परत गेलेली आहेत.

प्रश्न (मूर्तिजापूर तालुका): सासरे म्हणतात हे सगळं टेन्शननं होतं. खरं का?

उत्तर: टेन्शननं पोट बिघडतं त्याला आयबीएस म्हणतात, त्यात रक्त पडत नाही, वजन उतरत नाही, आतड्याला जखमा नसतात. आपल्या आजाराला, म्हणजे कोलायटिस नि क्रोन्स दोन्हींना मिळून, आयबीडी म्हणतात, नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. संशय असेल तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, ती आतड्याला सूज आहे का सांगते. टेन्शननं खरा आजार थोडा चाळवतो, हे मात्र खरं.

प्रश्न (पुसद तालुका, बारावीची विद्यार्थिनी): एसटीनं कॉलेजला जाते, पाऊण तास. मधेच लागली तर? परीक्षेत तीन तास कशी बसू? रोज सकाळी रडायला येतं.

उत्तर: बाळा, तू एकटी नाहीस, हे पत्र मला सगळ्यात जास्त लागलं.

डॉक्टरांकडून साध्या मराठीत एक दाखला लिहून घे, आतड्याचा आजार आहे, वारंवार शौचास जावं लागतं. त्याच्या तीन झेरॉक्स. एक प्राचार्यांना आत्ताच दे, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आणि संडासाजवळच्या खोलीत दाराजवळचा बाक मागून घे. वर्गातल्या एका मैत्रिणीला सांग, एकीलाच. दप्तरात एक पिशवी कायम: जास्तीची सलवार, चड्डी, कागद, छोटा साबण, पाण्याची बाटली, दोन-तीन सॅनिटरी पॅड. ती पिशवी जवळ आहे म्हटलं की अर्धी भीती तशीच कमी होते, माझ्या पेशंट पोरी मला हेच सांगतात. सकाळी गाडीच्या दीड तास आधी थोडं खाऊन घे, खाल्लं की आतडं हलतं, मग घरीच मोकळी होऊन निघ. कंडक्टरला दाखला दाखवून ठेव, रोजच्या रस्त्यावरची ही माणसं बरीच ओळखीची होतात, गाडी थांबवतात.

लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नकोस, सूज जोरात असताना त्यानं आतडं फुगून जीवावर बेतू शकतं. आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, त्यासोबत ताप किंवा छातीचे ठोके बसल्या जागी ९० च्या वर, असं झालं तर परीक्षा असो की काही असो, त्याच दिवशी बाबांना सांगून मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं. पेपर पुरवणी परीक्षेत देता येतो. दाखल्याचं काय झालं ते मला कळव.